कुलूप आमचं, खुंटा तुमचा

मोटरसायकल रॅली भरवणाऱ्या सर्व आयोजकांना, तुमच्या स्वयंसेवकांना आणि रॅलीला गाड्या घेऊन येणाऱ्या ग्रुपांच्या प्रमुखांना,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या मैदानाच्या दाराशी एक पाटी असते. 'वाहने स्वतःच्या जबाबदारीवर लावावीत.' कधी फ्लेक्सवर छापलेली, कधी पुठ्ठ्यावर मार्करने घाईघाईत लिहिलेली. चौदा वर्षं मी ती पाटी वाचून आत येतो आहे. पहिली बारा वर्षं तिच्याकडे लक्ष गेलं नाही. आता जातं, आणि म्हणूनच हे पत्र लिहितो आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. जनावर बांधायचं तर दावं लागतं आणि खुंटाही लागतो. दावं आम्ही आमचं घेऊन येतो. खुंटा मात्र तुम्हीच रोवायला हवा, कारण रॅली म्हणजे मैदानात मुक्काम करायचा तीन दिवसांचा मेळावा, आणि तेवढे दिवस जमीन तुमच्या ताब्यात असते. मोकळ्या मैदानात शंभर, पाचशे, पाच हजार गाड्या लावून घ्यायच्या आणि त्या बांधायला एक लोखंडी दांडासुद्धा ठेवायचा नाही, याला पार्किंग म्हणता येत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रॅली कोणती ते लिहीत नाही, कारण तिथे जे झालं ते उद्या तुमच्यापैकी कुणाच्याही मैदानात होऊ शकतं. आमच्या ग्रुपमधली एक मैत्रीण दोन दिवस गाडी चालवून तिथे आली होती. गाडी बारा वर्षांची, इंजिन तिने एकदा स्वतः खोलून पुन्हा बसवलेलं. दुपारी पाऊस पडून गेला होता आणि मैदान मऊ झालं होतं. तिने साइड स्टँडखाली प्लास्टिकची गोल चकती ठेवली, चकतीची दोरी हँडलला बांधली (निघताना ती उचलायला खाली वाकावं लागू नये म्हणून आम्ही सगळेच अशी बांधतो), हँडल लॉक केलं, पुढच्या ब्रेकच्या डिस्कला चाक फिरू न देणारं लॉक लावलं. शेजारी आमच्या आठ गाड्या ओळीत उभ्या होत्या. रात्री साडेनऊला मंचावर बँड सुरू झाला. दहाच्या सुमारास पुन्हा थेंब पडायला लागले, म्हणून ती रेनकोट काढायला गाडीकडे गेली.

चकती जागेवर होती. दोरी कापलेली होती. चिखलात तिच्या टायरांचा माग होता, तो येतानाचा. जातानाचा माग नव्हताच. सहा-सात फुटांवर मोठ्या गाडीच्या खोल चाकोऱ्या होत्या, उलटी घेऊन लावलेली आणि तशीच पुढे निघून गेलेली. आम्ही टॉर्च मारून त्या चिखलाकडे बघत होतो आणि काय झालं ते सांगायला कुणाची गरज उरली नव्हती. गाडी ढकलत नेलीच नाही, उचलून व्हॅनमध्ये ठेवली. हँडल लॉक आणि डिस्क लॉक दोन्ही नीट लागलेलेच असणार. गाडीबरोबर तेही गेले.

पलीकडच्या तंबूत एकोणीस-वीस वर्षांचा एक मुलगा होता. पहिल्यांदाच रॅलीला आलेला. आमची धावपळ बघून तो जवळ आला आणि म्हणाला, मी बघितलं त्यांना. तिघं होते. हेल्मेट घातलेले, अंगात रायडिंग जॅकेट. 'क्लच गेलाय, गाडी घालून न्यावी लागणार' म्हणाले. त्याने त्यांना उजेड दाखवला होता. गाडी जड जातेय असं वाटलं म्हणून मागून हातही लावला होता. हे सांगताना त्याचा आवाज चिरकला आणि तो रडायला लागला. जिची गाडी गेली होती तीच त्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

त्या मुलाचं काही चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. रस्त्यात अडकलेल्या रायडरसाठी थांबायचं, गाडीला हात लावायचा, उजेड दाखवायचा, हेच आपण नव्या पोरांना शिकवतो. चोरांनी नेमकं तेच वापरलं. एरवी रस्त्यावर भर रात्री तोंड झाकलेली, हातमोजे घातलेली माणसं गाडीशी खटपट करताना दिसली तर कुणीतरी हटकतं. रॅलीत प्रत्येकाचं तोंड हेल्मेटात, प्रत्येकाच्या हातात पाना. दोन माणसं एखादी बंद गाडी ढकलत चालली असतील तर तिसरा धावत येऊन मदत करतो. अलार्मचंही तसंच. कंपनावर वाजणारे अलार्म शेजारून मोठ्या आवाजाचा सायलेन्सर गेला तरी वाजतात, त्यामुळे रॅलीच्या पार्किंगमध्ये ते दिवसभर कुठे ना कुठे वाजतच असतात. पहिल्या तासात लोक मान वळवतात, दुसऱ्या तासापासून वळवत नाहीत. लोखंड कापायच्या ग्राइंडरचा आवाज एरवी गल्ली जागी करतो. मंचावर ड्रम चालू असताना तो दहा पावलांवर ऐकू येत नाही. म्हणजे चोराला जे लपवावं लागतं ते सगळं लपवायची सोय आपल्या मेळाव्यात आपोआप झालेली असते.

हा विश्वास कुठून आला तेही समजून घ्यायला हवं. जगातल्या मोठ्या रॅल्यांची सुरुवात बघा. अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात स्टर्जिस नावाचं जेमतेम सात हजार वस्तीचं गाव आहे. तिथे १९३८ च्या ऑगस्टमध्ये एका स्थानिक क्लबने शर्यत घेतली, त्यात नऊ जण धावले. जर्मनीतला हत्ती मेळावा, एलेफांटेनट्रेफेन, १९५६ च्या हिवाळ्यात सुरू झाला तेव्हा झुंडाप केएस ६०१ ही जर्मन मोटरसायकल चालवणारी विसेक माणसं थंडीत जमली होती. त्या गाडीला लाडाने 'हिरवा हत्ती' म्हणत, त्यावरून मेळाव्याचं नाव पडलं. नऊ गाड्या, वीस गाड्या. कोणती कुणाची हे प्रत्येकाला ठाऊक. परका माणूस हात लावायला आला तर लगेच दिसणार. स्टर्जिसला २०१५ साली, पंचाहत्तराव्या रॅलीला, सात लाखांच्या वर लोक आल्याचा अंदाज होता. मेळावा सात लाखांचा होवो की सातशेंचा, आपण अजून नऊ जणांच्याच भरवशावर गाड्या उभ्या करतो. सातशे जणांत कुणी कुणाला ओळखत नाही. त्या ओळखीची जागा आता दुसऱ्या कशाने तरी भरायला हवी.

आता कुलुपांविषयी. 'रायडरांनी चांगली कुलुपं आणावीत, आम्ही काय करणार' हे उत्तर मी बरेचदा ऐकलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हँडल लॉक म्हणजे आत एक लहानशी खिट्टी. हँडलला पायाने जोरात हिसका दिला की ती तुटते, काही सेकंदांचं काम. डिस्क लॉक चांगलं असेल तर गाडी ढकलत नेता येत नाही, मागून स्कूटरवर येऊन, पायाने ढकलत गाडी पळवून नेणाऱ्यालाही ते अडवतं. भुरट्या चोरासाठी ते हवंच, आणि निघताना विसरू नये म्हणून त्याला भडक रंगाची आठवणीची तार बांधलेली हवीच, नाहीतर पहिल्याच फुटाला चाक अडकून गाडी आडवी होते. पण या दोन्ही कुलुपांनी गाडी स्वतःलाच बांधलेली असते. जमिनीशी तिचा काही संबंध नसतो. दीड-दोनशे किलोची गाडी तीन-चार धट्टी माणसं उचलतात, फळीवरून तर दोघंही चढवतात.

उचलणाऱ्याला अडवते ती फक्त साखळी, आणि तीसुद्धा कुठल्यातरी न हलणाऱ्या वस्तूला बांधली असेल तरच. साखळी बांधायची कशी हे रायडरांना माहीत असतं किंवा असायला हवं. पुढच्या चाकातून घालू नये, कारण पुढचं चाक चार नट काढले की निघतं. फ्रेममधून घालावी, ते जमत नसेल तर मागच्या चाकातून. जमिनीवर लोळत ठेवू नये, कारण जमिनीचा आधार मिळाला की बोल्ट कटरचा, म्हणजे लोखंड कापायच्या लांब दांड्यांच्या कात्रीचा, एक दांडा खाली टेकवून सगळं वजन वरच्या दांड्यावर टाकता येतं, हातोडाही नीट बसतो. हवेत ताणून, कुलूप अडचणीत येईल अशी बांधावी.

पण गंमत वाटावी इतकी साधी अडचण वजनाची आहे. हाताने चालवायच्या मोठ्यात मोठ्या बोल्ट कटरलाही दाद देत नाही अशी साखळी साधारण १६ मिलिमीटर जाडीच्या पोलादी कड्यांची असते. तिचं वजन मीटरला पाच किलोच्या पुढे जातं. दीड मीटर साखळी आणि वर कुलूप धरलं की आठ-नऊ किलो झाले. तंबू, झोपायची पिशवी, रेनकोट, हत्यारं, दोन दिवसांचे कपडे बांधून पाचशे किलोमीटर येणाऱ्या माणसाने हे नऊ किलो कुठे ठेवायचे? पाठीवर घेतले आणि पडला तर कण्याला मार बसेल. म्हणून माणूस घरी जाड साखळी वापरतो आणि प्रवासात दहा-तेरा मिलिमीटरची पातळ आणतो. आणि ज्या जागी घरापेक्षा जास्त धोका, तिथे सगळ्यात कमकुवत कुलूप लागतं. बरं, एवढी आणलेली साखळी बांधायची कशाला? तुमच्या मैदानात गवत असतं आणि चुन्याच्या रेघा असतात.

ग्राइंडरपुढे कोणतीही साखळी टिकत नाही असंही मला ऐकवलं गेलं आहे. बॅटरीवरचा ग्राइंडर बहुतेक साखळ्या मिनिटा-दोन मिनिटांत कापतो, हे खरं. ब्रिटनमध्ये सोल्ड सिक्युअर ही संस्था कुलुपं फोडून बघून त्यांना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, डायमंड अशा श्रेणी देते. वरच्या श्रेणीतल्या काही नव्या कुलुपांवर असा थर असतो की ग्राइंडरची चकतीच झिजून जाते. पण तेही सोडा. ग्राइंडर चालवताना ठिणग्या उडतात, माणसाला त्या मिनिटभर एका जागी वाकून बसावं लागतं. उजेड असेल आणि पहाऱ्यावर डोळे असतील तर ते मिनिट फार लांब असतं. म्हणजे इथेही आमच्या साखळीची किंमत तुमच्या दिव्यावर ठरते. दिवे तुमच्याकडे असतात. मी दरवर्षी बघतो, सगळे मंचाकडे आणि स्टॉलकडे वळवलेले असतात. पार्किंगमध्ये टोकाला एक लटकत असतो, आणि जनरेटरचं डिझेल वाचवायचं झालं की पहिला तोच बंद होतो.

खुंटा म्हणजे मला नेमकं काय हवंय ते सांगतो. मंचासाठी तुम्ही स्कॅफोल्डिंगचे पाइप आणताच, तेच ४८ मिलिमीटर व्यासाचे. गाड्यांच्या प्रत्येक ओळीत गुडघ्याएवढ्या उंचीवर असा एक आडवा पाइप, दर दोन-तीन मीटरला उभा आधार, आधार जमिनीत खोल ठोकलेले किंवा मंचाच्या वजनासाठी आणता त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना जखडलेले. एक गोष्ट मात्र विसरू नका. स्कॅफोल्डिंगचे क्लॅम्प पान्याने सुटतात, आणि रॅलीत पाना प्रत्येकाकडे असतो. पाइप नुसते क्लॅम्पवर ठेवले तर चोर कुलपाला हातसुद्धा लावणार नाही. दोन नट सोडून पाइप बाजूला करेल आणि साखळी सरकवून मोकळी करेल. म्हणून प्रत्येक जोडावर वेल्डिंगचा एक टाका मारा. परत काढताना तो घासून टाकता येतो. वेल्डर तसाही मंच उभारायला आलेला असतो. पाइप जमत नसेल तर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक जाड साखळी टाका, दोन्ही टोकं ठोकळ्यांना बांधलेली, आणि आम्ही आमच्या पातळ साखळ्या तिच्या कड्यांतून ओवू. लंडनमध्ये मोटरसायकलींच्या काही पार्किंगच्या जागी असे पोलादी दांडे कायमचे बसवलेले आहेत. नगरपालिकेला रस्त्याच्या कडेला जमतं ते तुम्हाला तीन दिवसांच्या मैदानात जमू नये असं मला वाटत नाही. सगळ्या ओळींना लगेच नको. निम्म्या ओळींना करा, ज्यांना हवं ते तिथे लावतील. वेगळे पैसे घ्या. मी देईन, आणि तक्रार न करता देईन.

दुसरी मागणी दाराची, आणि हिच्यावर माझा पाइपांपेक्षाही जास्त भरवसा आहे. मैत्रिणीची गाडी ज्या व्हॅनमधून गेली ती मैदानात आली कशी? स्टॉलवाल्यांच्या गाड्यांसाठी मागचा रस्ता संध्याकाळभर उघडा होता. कोणती गाडी आली, कोणती गेली, कुणी बघत नव्हतं. गाड्यांच्या मैदानात व्हॅन, टेम्पो, ट्रेलर रात्री येऊच द्यायचे नाहीत, एवढा एक नियम केलात तरी उचलून नेण्याचा रस्ता बंद होतो. खरोखर कुणाची गाडी बिघडली तर ती ढकलत दारापर्यंत आणू द्या, तिथे उजेडात, स्वयंसेवकासमोर व्हॅनमध्ये चढवा. बाहेर जायचा रस्ता एकच ठेवा. बाकीच्या ठिकाणी बॅरिकेड नुसते उभे करू नका, एकमेकांत अडकवा.

आणि टोकन द्या. दोन तुकड्यांचं, दोन्हींवर एकच क्रमांक आणि गाडीच्या नंबराचे शेवटचे चार आकडे. एक तुकडा हँडलला, एक रायडरच्या खिशात. बाहेर पडताना दोन्ही जुळले की गाडी सोडायची. टोकन हरवलं तर कागदपत्रं दाखवायची, आणि ती तंबूत असतील तर आणायला लावायची. रांग लागेल, लोक कुरकुरतील. पहिल्या वर्षी कदाचित मीच कुरकुरेन. तरी करा. यातला मोठा फायदा असा की विचारणं ही अपमानाची गोष्ट उरत नाही. सगळ्यांनाच विचारलं जातं म्हटल्यावर विचारणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. त्या मुलाला कुणी आधी सांगून ठेवलं असतं की 'रात्री कुणी गाडी उचलत असेल तर उजेड जरूर दाखव, पण आधी टोकन दाखवा म्हण', तर त्याने विचारलं असतं. तो लाजाळू नव्हता. असं विचारायचं असतं हे त्याला माहीतच नव्हतं.

जाता जाता एक बारीक सूचना. स्वयंसेवकांना फक्त चमकणारं जाकीट देऊ नका. तसलं जाकीट कुणीही विकत घेतो, आणि ते घातलेला माणूस काहीही उचलून नेत असला तरी लोकांना तो कामावरचाच वाटतो. दंडावर क्रमांकाची पट्टी द्या, रोज रंग बदला.

आता मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट. गाडी गेल्याचं कळल्यावर आम्ही धावत मंचामागे गेलो. माइकवरून गाडीचा नंबर आणि रंग सांगा, दार बंद करा, एवढंच मागत होतो. 'कार्यक्रम मध्येच थांबवता येणार नाही, हे गाणं संपू दे' असं उत्तर मिळालं. मग आणखी एक गाणं. चाळीस मिनिटांनी घोषणा झाली. मैत्रिणीने विचारलं की आता काय करायचं, तर जबाबदार माणसाने काही न बोलता दाराकडे बोट केलं. त्या पाटीकडे. ती तक्रार नोंदवायला चौकीत गेली तेव्हा तिच्याबरोबर आम्ही चौघं होतो, आयोजकांपैकी एकही नव्हता. गाडी गेल्याचं दुःख तिने पचवलं. पण ते बोट ती अजून विसरलेली नाही. त्यानंतर ती रॅलीला आलेली नाही.

म्हणून तिसरी मागणी: चोरी झाली तर पहिल्या पाच मिनिटांत काय करायचं हे रॅलीआधी कागदावर लिहून ठेवा. दार कोण बंद करणार, माइक कोण हातात घेणार, पोलिसांना फोन कोण करणार, ज्याची गाडी गेली त्याच्यासोबत कोण जाणार. गाणं थांबवायचा अधिकार कुणाला आहे, तेही लिहा. पंधराशे रायडरांना एका गाडीचा नंबर एका वेळी कळला तर ती गाडी दारापर्यंत पोहोचणं अवघड आहे. एवढे पहारेकरी तुम्हाला पैसे देऊनही मिळणार नाहीत, आणि ते त्या रात्री तिथेच उभे होते, हात वर करून नाचत.

तुमच्याकडे एवढं मागतो आहे तर आमच्या बाजूचंही लिहायला हवं. ग्रुपप्रमुखांनो, हे तुमच्यासाठी.

ओळीत गाड्या लावताना मधे ऐसपैस जागा सोडू नका. हँडलाला हँडल लागेल इतक्या जवळ लावा, म्हणजे मधली गाडी उचलायला माणसाला उभं राहायला जागा उरत नाही. सगळ्यात जुनी, जड, चोराला नकोशी गाडी कडेला. मैदानात बांधायला काहीच नसेल तर दोन-तीन गाड्या एकमेकींना मागच्या चाकांतून आणि फ्रेममधून बांधा. तीन गाड्यांचं एकत्र गाठोडं व्हॅनमध्ये चढत नाही. रात्री एकाने तरी गाड्यांपाशी झोपावं, पाळीपाळीने. आमच्याकडे आता दोन-दोन तासांची पाळी असते आणि बँड चालू असतानाची पाळी चिठ्ठ्या टाकून ठरते, कारण ती कुणालाच नको असते आणि तीच सगळ्यात महत्त्वाची असते.

जुन्या गाड्यांचा एखादा फ्यूज काढून खिशात ठेवता येतो, किंवा सीटखाली लपवलेला एक स्विच बसवून घेता येतो. उचलणारा त्याने अडत नाही, पण तारा जोडून गाडी चालू करून पळणारा अडतो. चावीविरहित, म्हणजे चावी न खुपसता नुसती जवळ असली की चालू होणाऱ्या, गाड्यांची गोष्ट वेगळी. तंबूत ठेवलेल्या चावीचा सिग्नल यंत्राने लांबवून गाडी चालू करता येते, म्हणून चावी धातूच्या अस्तराच्या पाकिटात ठेवा.

ट्रॅकरबद्दल दोन गोष्टी. जीपीएस ट्रॅकर टाकीखाली लोखंडात कोंबू नका, त्याला वर आकाश मोकळं लागतं. प्लास्टिकखाली किंवा सीटखाली बसवा. चावीला लावायचे छोटे ब्लूटूथ टॅग आसपासच्या फोनांवर चालतात, त्यामुळे रॅलीच्या गर्दीत ते उत्तम काम देतात. पण माणसांचा चोरून पाठलाग होऊ नये म्हणून अॅपल आणि गूगलने २०२४ च्या मे महिन्यापासून अशी सोय केली आहे की अनोळखी टॅग बरोबर फिरत असेल तर फोन तसा इशारा देतो. हा इशारा चोराच्या फोनवरही येतो. म्हणून टॅग दुसरा उपाय म्हणून ठेवा, पहिला म्हणून नको. सराईत चोर गाडी नेल्यावर ती कुठेतरी लांब रस्त्याच्या कडेला दोन-चार दिवस सोडून ठेवतात, कुणी मागावर येतंय का बघायला. नकाशावर ठिपका दिसला तर तो पोलिसांना दाखवा, आपण चार जण मिळून तिथे जाऊ नका. गाडी परत मिळवायला गेलेला माणूस परत न येणं मला परवडणार नाही.

निघायच्या आधी चॅसिस क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. बहुतेक गाड्यांवर तो हँडलखालच्या नळीवर ठोकलेला असतो, १७ अक्षर-आकड्यांचा. त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात; घाईत हाताने उतरवून घेताना इथेच चूक होते. इंजिन क्रमांकाचाही फोटो हवा, कारण चोरलेली गाडी अनेकदा सुटी करून विकली जाते आणि मग इंजिनच तेवढं ओळखू येतं. गाडीवर आपल्यालाच माहीत असलेली एखादी खूण, एखादा ओरखडा, सीटखाली कोरलेलं अक्षर, त्याचाही फोटो असू द्या. मैत्रिणीकडे टाकीवर बसून काढलेले सुंदर फोटो शंभर होते, क्रमांकाचा एकही नव्हता. कागद घरी होते. तक्रार पूर्ण व्हायला दुसऱ्या दिवसाची दुपार उजाडली.

ट्रेलरवरून गाड्या आणणाऱ्यांनी ट्रेलरचा हुकही कुलुपात ठेवावा, नाहीतर ट्रेलरसकट सगळं जातं. आणि रॅलीतून फोटो टाकायचे ते घरी पोहोचल्यावर टाका.

आयोजकांनो, पुन्हा तुमच्याकडे येतो. ती पाटी तुम्ही का लावता ते मला कळतं. एखाद्या गाडीच्या भरपाईचा दावा लागला तर पुढच्या वर्षी रॅलीच होणार नाही ही भीती खरी आहे. तुमच्यातले बरेच जण स्वतःच्या नोकऱ्या सांभाळून, खिशातले पैसे घालून हे उभं करतात, हेही मी जवळून पाहिलं आहे. पाटी काढा असं मी म्हणत नाही. तिच्याखाली आणखी तीन ओळी लिहा: बांधायचे दांडे कोणत्या ओळींना आहेत, बाहेर पडताना टोकन दाखवावं लागेल, आणि गाडी जागेवर नसेल तर कोणत्या फोनवर कळवायचं.

पुढच्या मोसमाच्या तारखा ठरायच्या आत हे पत्र तुमच्यापर्यंत पोहोचावं म्हणून आत्ता लिहिलं. पाइप उतरवायला, खड्डे मारायला, वेल्डिंगच्या वेळी धरायला माणसं लागतील. आमच्या ग्रुपमधले अकरा जण दोन दिवस आधी येऊ शकतात, त्यातले दोघं वेल्डिंग करतात. राहायचं-खायचं आमचं आम्ही बघू. पार्किंगच्या रात्रीच्या पाळ्याही आम्ही घेऊ, बँड चालू असतानाची धरून. तो टॉर्च दाखवणारा मुलगा आता आमच्याबरोबर चालवतो. त्याने ती पाळी चिठ्ठी न टाकता मागून घेतली आहे.

मैत्रिणीलाही या पत्राची प्रत पाठवतो आहे. तिने नवी गाडी घेतली, पण रॅलीला यायचं का हे अजून ठरवलेलं नाही. दांडे बसणार असतील तर कळवा, तिला सांगेन.

आपला,
रॅलीला येणारा एक रायडर